अ‍ॅक्सेसिबिलिटीत पीएचडी करायची म्हणतेय, घरचे म्हणतात डोकं फिरलंय

पारिजात_राजारामपुरी | शुक्रवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, आज पहिला धागा काढतेय. सांभाळून घ्या.

मी राजारामपुरीची. कोल्हापुरातूनच कॉम्प्युटरला बी.ई. केलं आणि गेली चार वर्षं पुण्यात एका कंपनीत फ्रंट-एंडचं काम करते. मध्ये आमच्या टीमकडे युरोपातल्या एका क्लायंटची वेबसाइट आली. तिकडे २८ जून २०२५पासून युरोपियन अ‍ॅक्सेसिबिलिटी अ‍ॅक्ट लागू होणार होता. त्याआधी अंध, कमी दिसणाऱ्या, हात नीट न चालणाऱ्या लोकांनाही साइट वापरता आली पाहिजे, असा निरोप होता. टीममध्ये हे काम कुणालाच नको होतं. नवीन फीचर नाही, मीटिंगमध्ये मिरवायला काही नाही. शेवटी माझ्या गळ्यात पडलं.

पहिल्या दिवशी एनव्हीडीए उतरवून घेतलं. हा विंडोजवरचा फुकट स्क्रीनरीडर, म्हणजे पडद्यावरचं बोलून वाचून दाखवणारा प्रोग्राम, ऑस्ट्रेलियातल्या एका अंध प्रोग्रामरनं २००६ साली सुरू केलेला. मॉनिटर बंद केला आणि मीच लिहिलेला फॉर्म भरायला बसले. कानात आवाज आला, "बटण. बटण. बटण. लिंक. बटण." मी इतक्या हौसेनं काढलेल्या सगळ्या चिन्हांची नावं 'बटण'. कुठलं 'पुढे जा' आणि कुठलं 'सगळं पुसा', काही कळेना. एक फॉर्म भरायला चाळीस मिनिटं लागली आणि शेवटी पुसलाच गेला.

तेव्हापासून हे वेड लागलंय. ह्यूमन-कॉम्प्युटर इंटरॅक्शन, म्हणजे एचसीआय (माणूस कॉम्प्युटर कसा वापरतो याचा अभ्यास), यात पीएचडी करून पुढे शिकवावं, संशोधन करावं असं वाटतं. आणि जमलं तर कोल्हापुरात राहून. पप्पा म्हणतात, "पीएचडी झालेली पोरं तासिकेवर राबत्यात आणि तू चालती नोकरी सोडणार?" विषय कॉम्प्युटरचा की डिझाइनचा, परीक्षा कुठली द्यायची, गाइड कसा शोधायचा, शेवटी पोट भरतं का, सगळंच विचारायचंय. जाणकारांनी बोलावं.

तिकटीवरचा | शुक्रवार, रात्री १०:२०

पयला नंबर!
पुण्याची नोकरी सोडून कोल्हापूरला यायचं म्हणताय म्हणजे अर्धा निर्णय बरोबरच हाय ताई. उरलेल्या अर्ध्यावर शिकलेली माणसं बोलतील. मी कट मागवून बसतो.

अर्धा_मास्तर | शुक्रवार, रात्री ११:०५

पप्पांचं काही चुकलेलं नाही. मीच तो तासिकेवरचा मास्तर. एम.एस्सी. कॉम्प्युटर, सेट (प्राध्यापकीची राज्याची पात्रता परीक्षा, देशाची ती नेट) पास, पीएचडी चालू. सकाळी एका कॉलेजात दोन तास, दुपारी दुसऱ्या गावात तीन तास, मधल्या वेळात एसटीत बसून पेपर तपासतो. मे महिन्यात तास नाहीत म्हणून पैसेही नाहीत.

नियमांचं सांगतो. इंजिनिअरिंग कॉलेजात सहायक प्राध्यापक व्हायला बी.ई.वर एम.ई. लागतं, दोन्हींपैकी एकात फर्स्ट क्लास. बीसीए, बीएस्सीच्या बाजूला मास्टर्स आणि नेट किंवा सेट. यूजीसीच्या २०२२च्या नियमांप्रमाणे चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के असतील तर मास्टर्स न करता थेट पीएचडीला जाता येतं, पण उद्या कोल्हापुरातच शिकवायचं असेल तर आधी दोन-चार जाहिरातींतला पात्रतेचा रकाना वाचून बघा. नेटमधून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडं. पुण्यातल्या पगारापुढे काहीच नाही, पण कोल्हापुरात राहून पोट भरतं.

आता तुमच्या विषयातली खरी मेख. एचसीआयमधलं चांगलं काम जर्नलात कमी आणि परिषदांत जास्त छापलं जातं. सगळ्यात मोठी परिषद सीएचआय, तिचा उच्चार 'काय'. चारांतला साधारण एक पेपर घेतात. आणि आपल्याकडच्या बढतीच्या फॉर्मात खरे गुण जर्नलला. परिषद म्हणजे हॉलमध्ये जाऊन पीपीटी दाखवून बॅग घेऊन आलेला माणूस, असाच समज. आमच्या एका वरिष्ठांना मी म्हटलं, "सर, एका मुलीचा 'काय'मध्ये पेपर आलाय." ते म्हणाले, "कशात?" म्हटलं, "काय." म्हणाले, "तेच विचारतोय मी."

तिकटीवरचा | शुक्रवार, रात्री ११:०९

मास्तर, ह्यावर एक मिसळ माझ्याकडनं.

दूरदेशी | शनिवार, पहाटे ४:३०

मूळची इचलकरंजीची, सध्या बाहेरदेशी याच विषयात पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं संशोधन, करते, म्हणून ही वेळ.

विषय कॉम्प्युटरचा की डिझाइनचा, याचं उत्तर प्रत्येक संस्थेत वेगळं. आयआयटी मुंबईचं आयडीसी (१९६९ पासूनचं) हे डिझाइनचं घर. मोबाइलवर मराठी टंकायला बाराखडी चक्रात मांडणारा 'स्वरचक्र' कळफलक तिथलाच. तिथे एम.डेस.ला (डिझाइनच्या मास्टर्सला) जायचं तर सीड ही परीक्षा, पीएचडीचा अर्ज आणि मुलाखत वेगळी. आयआयटी दिल्लीत असिस्टेक नावाचा गट आहे, तो इंजिनिअरिंगच्या अंगानं काम करतो. २०१४ साली आलेली 'स्मार्टकेन' त्यांची. पांढऱ्या काठीला बसवायचं हे यंत्र अल्ट्रासोनिक लहरींनी गुडघ्याच्या वरचे अडथळे ओळखतं आणि मुठीत थरथर देतं. बंगळुरूच्या ट्रिपल आयटीत अ‍ॅक्सेसिबिलिटीचं स्वतंत्र केंद्र आहे, तिथे समाजशास्त्राकडे जास्त कल. म्हणजे तुमचा प्रश्न काय आहे त्यावर दार ठरतं. उलटं करू नका. आणि संस्थेच्या नावाला भुलू नका, गाइडचे मागच्या पाच वर्षांतले पेपर वाचा आणि त्याच्या विद्यार्थ्यांना फोन करा.

परिषदांपैकी 'काय' सगळ्यांसाठी. आपल्या विषयाची खास परिषद म्हणजे अ‍ॅसेट्स, १९९४ पासूनची. देशात दरवर्षी इंडिया एचसीआय भरते, तिला नोकरी सोडायच्या आधीच जाऊन या. तीन दिवसांत कळेल की ही माणसं आपली आहेत का.

एक माझी चूक सांगते, लांबण लागली तरी. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी बहिऱ्या मुलांसाठी अ‍ॅप केलं. वर्गात मास्तर बोलतील ते मराठीत लिहून समोर दिसेल. आठ महिने घालवले. दाखवायला नेलं तर मुलं हसून मान डोलावत होती, मला वाटलं जिंकले. त्यांच्या दुभाषी बाई नंतर म्हणाल्या, "अहो, जन्मापासून ऐकू न येणाऱ्या मुलाची पहिली भाषा खुणांची. मराठी त्याला परकीच. तुम्ही त्याला इतिहास कळावा म्हणून वर भाषेचा एक तास लावलात." मला खुणांच्या भाषेतलं 'पाणी'सुद्धा येत नव्हतं. सगळं टाकून दिलं आणि सहा महिने फक्त ती भाषा शिकले. गाइड चिडले नाहीत, हे माझं नशीब.

कोडगुरू | शनिवार, सकाळी ९:१५

स्पष्ट बोलतो, राग नको. पाच वर्षांत हा विषयच शिल्लक राहणार नाही. एआय फोटो बघून वर्णन करतं, बोललेलं लिहून देतं, लिहिलेलं वाचून दाखवतं. बटणाला नाव नसलं तरी चित्रावरून ओळखेल. त्यात पाच वर्षं पीएचडी म्हणजे टाइपरायटर दुरुस्तीचा डिप्लोमा.

कानसेन | शनिवार, सकाळी ११:४०

मी जन्मापासून अंध. कोल्हापुरात एका बँकेत क्लार्क आहे. हा धागा मला एनव्हीडीएनं वाचून दाखवला, काही आयडींच्या नावातल्या अधोरेषांसकट.

आधी कोडगुरूंना. एआय मी रोज वापरतो. पत्र वाचायला, शर्टाचा रंग विचारायला, वॉशिंग मशीनच्या सपाट काचेवर 'सुरू' कुठे आहे ते शोधायला. पूर्वी बटणं होती, हाताला कळायची. आता सगळं गुळगुळीत. पण गेल्या महिन्यात जेवायला गेलो होतो, ताटाचा फोटो काढला तर म्हणालं, "एका वाटीत दूध आहे, दुसऱ्या वाटीत टोमॅटो सूप." पांढऱ्या रश्श्याला दूध! हसून सोडून दिलं. पण तोच आवाज तितक्याच ठामपणे औषधाच्या पट्टीवरची तारीख सांगतो, तेव्हा हसू येत नाही. तुम्ही डोळ्यांनी पडताळून बघता. मी कशानं पडताळू? हा प्रश्न तुमच्या टाइपरायटरच्या डिप्लोम्यात बसतो का, बघा.

आता पारिजात ताईंना. इतक्या वर्षांत माझ्याकडे सहा वेळा कॉलेजची मुलं प्रोजेक्ट घेऊन आली. पाच वेळा काठी होती. सेन्सरची काठी, बजरची काठी, एकदा तर काठीला जीपीएस. मला काठीचा प्रश्नच नाही हो. मिरजकर तिकटी ते बिंदू चौक रस्ता मला पाठ आहे. फूटपाथवर आडवी लावलेली दुचाकी साध्या काठीलाही कळते. कळल्यावर जायचं कुठून, हे काठी सांगत नाही. दिल्लीच्या लोकांची स्मार्टकेन मला पटते, कारण साध्या काठीला जे लागत नाही, ट्रकचा मागचा फळा, उघडी खिडकी, तेवढंच तिनं उचललं. कुणीतरी आधी नीट विचारलं असणार. आमच्याकडे येणारे फॉर्म भरून घेतात, फोटो काढतात, चहा पितात. परत एकही आला नाही. मार्क किती पडले तेसुद्धा कळलं नाही.

माझे खरे प्रश्न दोन. एक, मराठी परिपत्रकं. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली पीडीएफ येते. डोळ्याला ते देवनागरी दिसतं, पण आत संगणकाला इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच असतात, वर फक्त मराठी मुखवटा. माझा स्क्रीनरीडर मुखवटा बघत नाही, आतलं वाचतो. मग "कॅपिटल एम, डॉलर, स्लॅश, कंस" असली किरकिर सुरू होते. युनिकोड येऊन तीस वर्षं उलटली, तरी रजेचा नवा नियम मला शेजारच्या टेबलावरच्या माणसाकडून कळतो.

दुसरा प्रश्न आजवर कुणी विचारलाच नाही. माझं शुद्धलेखन. साहेब म्हणतात, "तुमचा मसुदा चांगला असतो, वेलांट्या सांभाळा." अहो, मला व्याकरण पाठ आहे. 'पीठ' दीर्घ पण 'पिठाची गिरणी' ऱ्हस्व, 'फूल' पण 'फुलाचा'. पण लिहिल्यावर नेमकी कुठली वेलांटी पडली, ते कानाला कळत नाही. दिन आणि दीन, सुत आणि सूत, आवाज जवळजवळ एकच.

पारिजात_राजारामपुरी | शनिवार, दुपारी १२:०५

कानसेन दादा, तुमची पोस्ट तीनदा वाचली. मी या शनिवार-रविवारी कोल्हापुरातच आहे. तुमची हरकत नसेल तर येऊन बसू का? फॉर्म आणणार नाही, काठीही नाही.

कानसेन | शनिवार, दुपारी १२:२०

या. मंगळवार पेठेत. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. फोटो काढणार असाल तर घर आवरून ठेवतो.

उद्यमनगरी | शनिवार, रात्री ८:५०

मी लेथवाला माणूस, मला ह्यातलं कॉम्प्युटरचं काय कळत न्हाई. पण एक बोलतो. आमच्या शेडवर व्हीलचेअरच्या दुरुस्त्या येतात. उचगावला नसीमादीदी हुरजूक यांनी १९८४ साली हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड उभी केली, तवापासनं कोल्हापुरात चाकाची खुर्ची लोकांच्या नजरंला सवयीची झाली. तरी बाहेरनं आलेल्या खुर्चीचं पुढचं चाक आपल्या रस्त्यावर सा महिन्यात जातंय. आम्ही ते मोठं करून देतो, बेअरिंग बदलून. एका सरकारी इमारतीला रॅम्प केलाय, नाव घेत न्हाई. उताराला एकास बाराचं प्रमाण धरतात, म्हणजे फूटभर चढाला बारा फूट लांबी. तितं तीन फुटाला जेमतेम धा फूट आहे. खुर्ची वर चढवायला दोघं, खाली येताना देव.

मुद्दा काय, तर तुमचा नमुना बिमुना करायचा असंल तर या. प्लास्टिकचं, अ‍ॅल्युमिनियमचं, काय म्हणाल ते करून बघू. बिल आधी सांगतो, मागनं न्हाई.

पारिजात_राजारामपुरी | रविवार, रात्री ९:३०

आज कानसेन दादांकडे चार तास होते. जसं घडलं तसं लिहिते, त्यांना विचारून.

त्यांनी लॅपटॉप उघडला आणि पडद्याचा उजेड शून्यावर आणला. "बॅटरी वाचते," म्हणाले. मग आवाज सुरू झाला. रेडिओचा काटा फिरवताना स्टेशनांच्या मधे येतो ना, तसली खरखर. मला वाटलं बिघाड आहे. ते शांतपणे म्हणाले, "तुमचाच धागा आहे, अर्ध्या मास्तरांची पोस्ट." त्यांचा रोजचा वाचनाचा वेग तो. मला एक शब्द कळला नाही. चार वर्षं मी वेबसाइटी बांधतेय आणि त्या ऐकणारा माणूस असा ऐकतो, हे मला माहीतच नव्हतं.

मग आम्ही एक खेळ केला. त्यांनी दिन-दीन, सुत-सूत, शिर-शीर, पिक-पीक असे आठ शब्द उलटसुलट क्रमानं ऐकवले, मी डोळे मिटून ओळखायचे. आठांतले तीन ओळखले. नाणं उडवलं असतं तरी चार आले असते. वेग निम्म्यावर आणला तेव्हा सहा आले, पण त्या वेगानं दिवसभर काम करायचं तर बँक रात्री नऊला बंद होईल.

आता खरी गंमत टंकताना. ते इनस्क्रिप्ट ही कळफलकाची देवनागरी मांडणी वापरतात. त्यात पहिली वेलांटी एफच्या कळेवर आणि दुसरी तिच्या बरोबर डोक्यावर, आरच्या कळेवर. पहिला उकार जीवर, दुसरा टीवर, तोही वर. एफच्या कळेला तो बारीक उंचवटा असतो ना, बोट ठेवायची खूण, तेवढाच आधार. बोट अर्धा इंच सरकलं की शब्द चुकला, आणि कान म्हणतो सगळं ठीक. खात्री करायची तर बाणाच्या कळेनं एकेक चिन्ह ऐकत मागे जायचं. त्यातही एका सॉफ्टवेअरमध्ये 'पी' अख्खं ऐकू येतं, दुसऱ्यात आधी प, मग वेलांटी वेगळी. एका पानाचं पत्र त्यांनी माझ्यासमोर लिहिलं अकरा मिनिटांत. तपासायला पंचवीस मिनिटं लागली.

निघताना काकूंनी डब्यात चटणी भाकरी दिली. मी परत येणार आहे, हे लेखी देऊन आले. शब्दशः, त्यांच्या लॅपटॉपवर टंकून. त्यात दोन चुका काढल्या त्यांनी.

दूरदेशी | सोमवार, पहाटे ५:१०

पारिजात, हे वाचून झोप उडाली. तुला विषय मिळालाय, कळतंय का?

टी. व्ही. रामन यांचं नाव ऐकलं असशील. पुण्यात वाढलेले, चौदाव्या वर्षी दृष्टी गेली. पुणे विद्यापीठात गणित, मग आयआयटी मुंबई, मग कॉर्नेल. १९९४ सालचा त्यांचा पीएचडीचा विषय असा : गणिताची समीकरणं कानाला कशी कळतील? 'ए अधिक बी भागिले सी' नुसतं वाचलं तर सी फक्त बीखाली आहे की दोघांखाली, कळत नाही. डोळ्याला रेघ दिसते, कानाला रेघ नाही. त्यांनी आवाजच वाकवला. घातांक आला की स्वर वर चढतो, अक्षराच्या पायाशी लहान अंक आला की खाली उतरतो. त्या प्रबंधाला एसीएमचं (संगणकशास्त्रातल्या लोकांची जागतिक संघटना) त्या वर्षीचं सर्वोत्तम प्रबंधाचं पारितोषिक मिळालं. पुढे ते गूगलमध्ये गेले. जपानच्या चिएको असाकावांचंही तसंच. अकराव्या वर्षी पोहताना अपघात झाला, चौदाव्या वर्षापर्यंत दृष्टी गेली, आयबीएममध्ये राहून १९९७ साली वेबपानं बोलकी करणारा ब्राउझर केला, आणि पीएचडी त्यानंतर, २००४ साली. दोघांनीही आधी स्वतःची अडचण धरली.

तुझी अडचण तुझी स्वतःची नाही, हा फरक लक्षात ठेव. म्हणून कानसेनांचं नाव आभारात नको, सहलेखकांत हवं, त्यांची इच्छा असेल तर. आणि त्यांच्या तासांचे पैसे पहिल्या दिवसापासून तुझ्या बजेटमध्ये धर. नीतिसमितीची परवानगीही आधी. आपल्याकडच्या पुष्कळ समित्या औषधांच्या चाचण्यांच्या नजरेनं बघतात, त्यांना 'माणसाशेजारी बसून बघणं' समजावून सांगायला वेळ जातो. सहा महिने धरून चाल.

कानसेन | सोमवार, सकाळी ७:५५

पैशाचं बोललात ते बरं झालं. आजवर चहावरच बोळवण झाली, आणि काही ठिकाणी चहाही आमच्याच घरचा.

अजून एक, कायद्याचं, कारण बँकेत बसतो. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात सगळं लिहिलंय, पण नियमांत पळवाटा होत्या. सर्वोच्च न्यायालयानं ८ नोव्हेंबर २०२४ला नियम १५चा तो ढिला भाग रद्द करून सक्तीचे नियम करायला सांगितलं. मग ३० एप्रिल २०२५ला केवायसीवरचा, म्हणजे ग्राहकाच्या ओळख-पडताळणीवरचा निकाल. अ‍ॅप म्हणतं "डोळे मिचकावा", तेव्हा ज्यांना डोळेच नाहीत किंवा अ‍ॅसिडमुळे पापण्या मिटत नाहीत, त्यांनी जिवंत असल्याचं कसं दाखवायचं? न्यायालयानं वीस निर्देश दिले आणि डिजिटल सोयींपर्यंत पोचणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं म्हटलं. म्हणजे आता हे काम उपकाराच्या खात्यात राहिलं नाही. पारिजात ताई, नोकरीचं विचारत होतात ना? माणसं लागणार आहेत. पण माझ्यासमोर बसून बघितलेली माणसं लागणार आहेत. यादीवर टिका मारणारी भरपूर मिळतात.

अर्धा_मास्तर | सोमवार, दुपारी १:३०

एसटीतून लिहितोय, टंकनदोष माफ.

वेलांटीचा हा विषय एकट्या कॉम्प्युटर विभागाचा नाही. व्याकरण लागेल, ध्वनी लागेल. शिवाजी विद्यापीठात मराठी विभाग आणि संगणकशास्त्र विभाग एकाच आवारात आहेत, चालत काही मिनिटं. मधल्या झाडीतून मोर ओरडतात. दोन विभाग मिळून एक विद्यार्थी घेतील का, हा प्रश्न कागदावर अवघड आहे, म्हणजे फॉर्मात दुसऱ्या विभागासाठी रकानाच नाही. पण सहमार्गदर्शक नावाची सोय असते. दोन्हीकडे जाऊन बसा. पहिल्यांदा 'नंतर या' म्हणतील. जा नंतर. मी तिसऱ्या खेपेला गाइड मिळवला.

कोल्हापूर की मुंबई, यात माझं मत बदललं रविवारची पोस्ट वाचून. मी म्हणणार होतो, सरळ आयआयटी बघा, इथे काही नाही. आता म्हणतो, नाव तिथे लावा नाहीतर इथे, पण माणसं इथेच ठेवा. मुंबईत बसून मंगळवार पेठेतली अकरा आणि पंचवीस मिनिटं सापडली नसती.

आणि जर्नलचं रडगाणं मी गायलो होतो, त्याला उपाय : अ‍ॅक्सेसिबिलिटीचं एसीएमचंच जर्नल आहे, टॅकसेस. परिषदेतलं काम वाढवून तिथे देता येतं. वरिष्ठांना 'काय' समजावत बसायला नको.

कोडगुरू | सोमवार, रात्री १०:००

माघार घेतो, अर्धी. पांढऱ्या रश्श्याचं मला माहीत नव्हतं. पण एक शंका. मराठीचा स्पेलचेकर चांगला केला की वेलांटीचा प्रश्न सुटतोच ना?

कानसेन | सोमवार, रात्री १०:२५

'दिन' आणि 'दीन' दोन्ही शब्द बरोबर आहेत. तुमचा स्पेलचेकर 'दीनदर्शिका' पकडेल, पण 'महिला दीन' लिहिलं तर गप्प बसेल. आणि आमच्या साहेबांनी तो कागद आठ मार्चच्या फलकावर लावला असता, तर मला कोल्हापूर सोडावं लागलं असतं.

तिकटीवरचा | सोमवार, रात्री १०:२७

नाद खुळा दादा.

पारिजात_राजारामपुरी | गुरुवार, रात्री ११:४५

अपडेट. पप्पांना रविवारची सगळी गोष्ट सांगितली. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "त्यांच्या बँकेत आपलं खातं हाय का?" एवढंच. मी याला होकार समजते. नोकरी लगेच सोडत नाही, जूनच्या नेटला बसते, तोवर दर पंधरा दिवसांनी शनिवार-रविवार कोल्हापूर. उद्यमनगरी दादा, कळफलकावर चिकटवायच्या बारीक खुणा करून हव्यात, एफच्या उंचवट्यासारख्याच पण आरसाठी वेगळ्या. बिल आधी सांगा. अर्ध्या मास्तरांनी सांगितलं तसं दोन्ही विभागांत जाऊन आले. एकीकडे 'नंतर या' मिळालं, दुसरीकडे चहा.

गाइडना द्यायला एक पानाचा प्रस्ताव केलाय. कल्पना अशी : रामन यांनी घातांकासाठी स्वर चढवला, तसं आपण दुसऱ्या वेलांटीला आणि दुसऱ्या उकाराला स्वर किंचित वर न्यायचा, वेग कमी न करता. सगळं वाचताना नाही, फक्त तपासायच्या वेळी, एका कळेनं चालू-बंद. कानाला त्रास होतो का, किती दिवसांत सवय होते, तपासायचा वेळ पंचविसावरून किती खाली येतो, हे बघायचं. शीर्षक ठेवलंय :

'मराठी स्क्रीनरीडरमध्ये ऱ्हस्व-दिर्घ ओळखण्यासाठी स्वराच्या चढ-उताराचा वापर'

सूचना कराव्यात.

दूरदेशी | शुक्रवार, पहाटे ४:५०

शीर्षक नेमकं आहे. 'किती दिवसांत सवय होते' हा भाग जपून लिही, परीक्षक तिथेच पकडतील. जुन्या सरावाची माणसं आणि नवशिके वेगळे ठेव. बाकी पाठवून दे.

कानसेन | शुक्रवार, सकाळी ८:१०

प्रस्ताव सवयीनं चिन्ह-चिन्ह ऐकला. ताई, शीर्षकातल्या 'दीर्घ'ला पहिली वेलांटी पडलीय.

पारिजात_राजारामपुरी | शुक्रवार, सकाळी ८:१४

दोन डोळ्यांनी चार वेळा वाचलं होतं हो! लगेच दुरुस्त करते. थांबा, नाही करत. पहिलं उदाहरण म्हणून तेच घालते.